त्रास काहीच नाही, मग काळजी कसली?

प्रश्न : वय ४६, राहतो लालबागला, वजन ८२ किलो. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६ आणि बीपी १३४/८६ आलं. डॉक्टरांनी ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ लिहून दिलं. त्रास काहीच नाही, पँटही ३४ चीच लागते. पुढे काय होऊ शकतं?

उत्तर : पँटचा नंबर आधी बाजूला ठेवा. पँट पोटाखाली बसते, पोट तिच्यावरून पुढे येतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा आणि मोजा. पोट आत ओढू नका. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही हद्द धरतात. अर्थात, ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणायला पोटाचा घेर, साखर, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल आणि बीपी या पाचपैकी तीन निकष पुरतात आणि पोट न मोजताच तुमचे चार भरले आहेत.

एकेक आकडा किरकोळ दिसतो, पण चारही बहुतेकदा एकाच मुळातून येतात : साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. यकृत गरज नसताना साखर सोडत राहतं, वर चरबीही बनवतं. ट्रायग्लिसराइड्स चढतात तसं एचडीएल उतरतं. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, बीपी वाढतं. असंच चालू राहिलं तर टाइप २ मधुमेहाचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट होतो, आणि पुढच्या ५ ते १० वर्षांत हृदयविकार-पक्षाघाताचा दुप्पट. फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणं) आणि मूत्रपिंडाचा आजार तर वर्षानुवर्षं काही जाणवू न देता वाढतात. ‘त्रास नाही’ यावर कृपा करून विसंबू नका.

हे मागे फिरवता येतं. साखर हद्दीवर असलेल्यांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो. लोकलमधलं उभं राहणं व्यायामात धरू नका. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने दोन फेऱ्या, आठवड्यातून सहा दिवस. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर तीच ४० ग्रॅम होते. कपात तिथून सुरू करा. भात एक वाटी, उसळ दोन.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडासाठी) तपासून घ्या. लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा. बीपी स्टेशनचा पूल चढून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचा निर्णय त्यावरून नीट घेता येतो.