गुडघ्याची गादी : शिवायची की कापायची?

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. कबड्डीत पाय पिळला, तेव्हापासून गुडघा पूर्ण सरळ होत नाही. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या गादीला ‘बकेट हँडल टिअर’ निघाले. एक डॉक्टर टाके घाला म्हणतात, दुसरे म्हणतात तुकडा काढा, लवकर चालेल. कापूस वेचणी आटोपल्यावर ऑपरेशन केले तर?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वेचणीसाठी थांबू नका. फाटलेला भाग उलटून सांध्यात अडकला आहे; चालताना तो चिरडतो, आणि चिरडलेल्या गादीत टाका धरत नाही.

गादीच्या बाहेरच्या साधारण एक तृतीयांश भागालाच चांगले रक्त मिळते. तिथली उभी चीर भरून येते. आतल्या पातळ कडेची सहसा येत नाही, तिथे कापणेच बरे. नेमके काय ते दुर्बीण आत गेल्यावरच कळते, म्हणून संमतीपत्रावर दोन्ही लिहिलेले असू द्या. एसीएल (गुडघा घट्ट धरून ठेवणारा आतला बंध) तुटले आहे का, हेही विचारा. गुडघा सैल राहिला तर शिवलेली गादी पुन्हा फाटते.

साधारण अर्धा-एक सेंटीमीटरच्या दोन छिद्रांतून काम होते. तुकडा जागेवर बसवतात, कडा खरवडून ताज्या करतात आणि सुमारे अर्ध्या सेंटीमीटरवर एक असे टाके घालतात. चीर लांब असली तर आतल्या बाजूने आणखी एक छेद लागू शकतो. त्याखालची कातडी काही काळ बधिर राहिली तर घाबरू नका.

खरी परीक्षा घरी. ४ ते ६ आठवडे ब्रेस आणि कुबड्या, गुडघा ९० अंशांपुढे वाकवायचा नाही. उकिडवे बसणे, मांडी, डवरणी, पाठीवरचा फवारणी पंप किमान ४ महिने बंद. कबड्डी ६ महिन्यांनंतर, तीही डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर. शेतात जपणारा माणूस संडासात उकिडवा बसतो आणि टाके तोडून घेतो. कमोडची खुर्ची ऑपरेशनआधीच आणा. खर्राही सोडायला लावा, तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. पोटरी सुजून दुखली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इतके करूनही साधारण पाच रुग्णांपैकी एकाचे टाके फसतात. मग तेवढा भाग कापता येतो. आधीच कापलेली गादी मात्र पुन्हा उगवत नाही आणि गुडघा लवकर झिजतो. बाविशीत म्हणूनच आमचा कौल टाक्यांना.

खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. टाक्यांच्या साहित्याचे पैसे वेगळे लागतील का, तेही.