तुमचे प्रश्न: ‘ॲक्शन’ म्हणता येत नाही, मग डायरेक्टर कसा होणार?

प्रश्न: दादा नमस्कार. माझा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे, यंदा बारावी झाली. दिवसभर मोबाईलवर शूटिंग, गल्लीतली पोरं गोळा करून छोट्या फिल्म बनवतो, एडिटपण स्वतःच करतो. डायरेक्टर व्हायचंय म्हणतो. घरचे म्हणतात ज्याला ॲक्शन म्हणता येत नाही तो सेट काय चालवणार, त्यापेक्षा सरकारी नोकरीचं बघा. काय करू? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, ॲक्शनचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. हात खाली केला, लाइट मिचकावला तरी सीन सुरू होतो, आणि आरडाओरडा करायला सेटवर असिस्टंट असतातच की.

खरी गंमत पुढे आहे. ज्या सीनमध्ये माणसं हातांनी बोलतायत तो सीन आपल्या नेहमीच्या पद्धतीनी शूट करून बघा, पार वाट लागते. क्लोजअप घेतला की हात फ्रेमच्या बाहेर, म्हणजे डायलॉगच गायब. खांद्यावरून शॉट लावला तर पाठमोरा माणूस काय बोलतोय ते दिसतच नाही. आणि एडिटला आपण बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहज कट मारतो कारण आवाज मागे चालू राहतो, इथे कट मारला की वाक्य अर्ध्यात तुटलं. हे सगळं ऐकू येणाऱ्या डायरेक्टरला मुद्दाम शिकावं लागतं, तुमचा मुलगा रोज तसंच बघत मोठा झालाय.

कर्णबधिर कुटुंबावरच्या ‘कोडा’ या सिनेमाची डायरेक्टर सियान हेडर ऐकू येणारी, तर तिनी स्वतः साइन, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, शिकून घेतली आणि सेटवर त्यातले कर्णबधिर जाणकार ठेवले. त्यातपण पैसे लावणाऱ्यांना ऐकू येणारे मोठे स्टार हवे होते, तेव्हा त्यातली कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिननी सरळ सांगितलं की मग मी नाही. त्याच सिनेमाला 2022 मध्ये बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं आणि त्यातल्या कर्णबधिर ट्रॉय कॉट्सरला सहाय्यक अभिनेत्याचं. मार्लीला तिचं ऑस्कर 1987 मध्ये मिळालेलं, म्हणजे मधली 35 वर्षं दुसऱ्या एकाही कर्णबधिर कलाकाराला नाही, मला तर टाळ्यांपेक्षा हेच जास्त बोचतं.

पण हे झालं ॲक्टिंगचं. कॅमेऱ्यामागचं हवं असेल तर मुलाला ही नावं दाखवा. शोशाना स्टर्न, स्वतः कर्णबधिर, मार्लीवरची डॉक्युमेंटरी तिनी केली, दोघी सोफ्यावर समोरासमोर बसून साइनमध्ये गप्पा मारतात. नाइल डिमार्को, तोही कर्णबधिर, ‘डेफ प्रेसिडेंट नाऊ’ या डॉक्युमेंटरीचा को-डायरेक्टर. विल्यम मेगर, हाही कर्णबधिर, बीबीसीच्या ‘रीयुनियन’ या थ्रिलर मालिकेचा लेखक. ही तिन्ही कामं 2025 ची आहेत बरं का, जुनीपुराणी नाहीत.

आता कामाचं. पुण्याच्या एफटीआयआयच्या, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटच्या, मोठ्या कोर्सेसना ग्रॅज्युएशन लागतं, तेव्हा ते आधी करू दे, तोवर त्याचं शूटिंग चालूच राहील. ॲडमिशनच्या वेळी इंटरप्रिटर, म्हणजे बोललेलं साइनमध्ये सांगणारा माणूस, मिळणार का हे लेखी विचारा, तोंडी नको. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सरकारी पैशांवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याला लागेल तशी सोय करून द्यायची असं स्पष्ट आहे, तेव्हा ते काही उपकार करत नाहीयेत. आणि पुढे कधी प्रोड्यूसर भेटला तर इंटरप्रिटरचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये टाकायला लावा, जेवणाच्या आणि गाड्यांच्या खर्चाबरोबर, शेवटी बघू म्हणाला की समजायचं ते होत नाही. सेटवर इंटरप्रिटर कॅमेऱ्याशेजारी उभा हवा, कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवला तर काही उपयोग नाही.

प्रश्न: मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. एडिटिंग शिकायचंय पण एफटीआयआयच्या मेडिकलमध्येच बाहेर काढतात असं ऐकलंय. (कोथरूड)

उत्तर: जुनी गोष्ट ऐकलीय तुम्ही. 2015 मध्ये एका मुलाचं एडिटिंगला सिलेक्शन होऊन याच कारणानी ॲडमिशन नाकारली होती, तो हायकोर्टात हरला, पण सुप्रीम कोर्टानी एप्रिल 2022 मध्ये सांगितलं की रंगांधळेपणावरून कोणालाच अडवायचं नाही. त्यासाठी नेमलेल्या समितीचं म्हणणं, अडलंच तर कलर ग्रेडिंगपाशी, म्हणजे सीनचे रंग जुळवण्यापाशी, अडेल, तो भाग काढा नाहीतर ऐच्छिक ठेवा. बिनधास्त फॉर्म भरा.

प्रश्न: सिनेमात अपंग माणसाचं काम दरवेळी धडधाकट हिरोच का करतो? (नाशिक)

उत्तर: कारण व्हीलचेअरवर बसला की अवॉर्ड पक्कं असं त्यांना वाटतं. दरवेळी मात्र नाही हां, 2014 च्या ‘यलो’मध्ये पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळनी, जिला डाउन सिंड्रोम आहे, स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारात तिचा खास उल्लेखपण झाला. आणि कॅमेऱ्यामागचं बघायचं असेल तर ‘क्रिप कॅम्प’ ही डॉक्युमेंटरी लावा, त्याच्या दोन डायरेक्टरपैकी जिम लेब्रेक्ट व्हीलचेअर वापरतो, त्याआधी वर्षानुवर्षं साउंड डिझाइन करायचा, आणि सिनेमात विकलांग पोरांचा जो कॅम्प आहे तिथे लहानपणी तो स्वतः गेलेला, त्यामुळे कोणाची कीव वगैरे नाही, पोरं तिथे मजबूत दंगा करतात.