विचारा बिनधास्त: कार्डाच्या आधी डबा उघड

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात नंदनवनला राहतो. बाबांनी ऑफिसमधून निघालेला जुना पीसी घेऊन दिला, आय५-६५००, १६ जीबी रॅम. मॉनिटर साधा १०८०पी, ६० हर्ट्झ. जीटीए फाईव्ह आणि व्हॅलोरंट खेळायचंय, खिशात १८ हजार आहेत. बर्डीतला एक दुकानदार आरएक्स ५८० आठ जीबी ग्राफिक्स कार्ड "एकदम नवीन" म्हणून स्वस्तात देऊन राहिला, मित्र म्हणतो आरएक्स ६५०० एक्सटी घे. कोणतं घेऊ?

उत्तर: भावा, दोन्ही नको. काहून नको ते सांगतो. तुझ्या प्रश्नात प्रोसेसर आहे, रॅम आहे, मॉनिटर आहे, मित्रसुद्धा आहे, फक्त एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, पत्ता नाही आणि गाडी नेमकी तिथंच अडणार आहे.

आधी साइडचं झाकण काढ नि एसएमपीएसवरचं स्टिकर वाच. ऑफिसवाल्या मशीनमध्ये तो बरेचदा २४० वॅटच्या आसपास असतो, कार्डासाठी वेगळी वायर निघालेलीच नसते, आणि मदरबोर्डला जाणारा प्लगही पुष्कळदा कंपनीचा स्वतःचा वेगळाच असतो, म्हणजे बाजारातून नवा एसएमपीएस आणला तरी तो बसत नाही, मग कन्व्हर्टर शोधत फिरा.

आता आरएक्स ५८०. हे कार्ड २०१७ सालचं, खातं १८५ वॅट. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात ७५, बाकीचे वेगळ्या वायरने द्यावे लागतात आणि ती वायर तुझ्याकडे नसणार. त्यात ते "एकदम नवीन"! अरे, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून नाणी कमावणं) बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली किती धुऊनपुसून नव्या खोक्यात गेली ते विचारू नको. शिवाय याच नावाचा एक हलका भाऊ फिरतो, खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर आणि त्याच्यात २०४८. दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला लाव, आकडा २०४८ दिसला की नमस्कार करून बाहेर पड.

६५०० एक्सटी २०२२ चं, ऐकायला नवीन वाटतं, पण ते मदरबोर्डशी फक्त चार लेननं (डेटाच्या रस्त्यांनी) बोलतं. पीसीआय एक्सप्रेस (कार्ड बसतं तो स्लॉट) चौथ्या जनरेशनच्या बोर्डावर ते निभावून नेतं, तुझा बोर्ड तिसऱ्या जनरेशनचा, तिथं रस्ता निम्मा होतो. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी, ती भरली की उरलेला माल त्या निम्म्या रस्त्यानं रॅममधून ने-आण करायचा, म्हणजे महालातल्या गल्लीतून ट्रक काढणं. गेम चालतो चालतो आणि मधेच झटका खातो. आणि यालाही वेगळी वायर लागतेच!

तुझ्यासाठी आरटीएक्स ३०५०, पण सहा जीबीवालं. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॅटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं. याच नावाचं आठ जीबीवालं जास्त ताकदीचं आहे पण ते १३० वॅटचं, तुझ्या डब्यात नाही चालणार, म्हणून खोक्यावर बघ आणि बिलावर "६ जीबी" लिहून घे. कॅबिनेट पुस्तकासारखं बारीक असेल तर अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल मॉडेल माग. पैसे कमीच पडले तर जीटीएक्स १६५०, तेही वायर नसलेलं मॉडेल बघून, पण ते २०१९ चं, ४ जीबीचं आणि त्यात डीएलएसएस (फ्रेम्स वाढवून गेम सुरळीत चालवणारी एनव्हिडियाची सोय) नाही, म्हणून माझं मन होत नाही. इंटेल आर्कच्या वाटेला जाऊ नको, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं नि ते तुझ्या बोर्डावर नसणार.

अजून एक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुझ्या आय५-६५०० सारख्या सहाव्या जनरेशनच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. जुगाड करून टाकशील तर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतं, ते तुझ्या मशीनमध्ये आहे का बघूनच हात लाव.

प्रश्न: मुलाची दहावी झाली, त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये आय३-१२१००एफ आहे, कार्ड नाही, तो म्हणतो पुढच्या वर्षी टाकू. चालेल का? (एक आई, प्रतापनगर)

उत्तर: ताई, त्या नावाच्या शेवटच्या "एफ"चा अर्थ असा की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही. कार्ड येईपर्यंत स्क्रीन वर्षभर काळी राहील नि पोट्टा तुमचं डोकं खाईल. कार्ड आत्ता घ्यायचं नसेल तर रायझन ५ ५६००जी सांगा, त्यावर हलके गेम निघतात. रॅम १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन, असल्या ग्राफिक्सला त्याने खरंच फरक पडतो. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो घेऊ नका, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला) ५५० वॅट आजच घेऊन ठेवा, म्हणजे पुढं आरएक्स ६६०० सारखं कार्ड आरामात बसेल. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बिनबिलाच्या मालाची वॉरंटी मागायला गेलं की मोठी पंचाईत होते.

प्रश्न: मे महिन्यात माझं कार्ड ८३-८४ डिग्रीवर जातं आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) पडतात. कॅबिनेट कूलरसमोर ठेवू का?

उत्तर: बाबा रे, नको! हे मी स्वतः केलंय. वाळ्याची गार हवा छान लागली, एका उन्हाळ्यात मागच्या पोर्टांना गंज चढला. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास आपोआप वेग कमी करतात, म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू आहे. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढ, फॅनमधली धूळ ब्रशनं झाड, गेममध्ये एफपीएस ६० वर बांध आणि आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण, खेळताना फारसं कळणारही नाही. आणि दुपारी एक ते चार खेळूच नको, तेव्हा तर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.