कन्सेंट टर्म्समध्ये पोटगी सोडून दिली असेल, तरी मुलीसाठी मागता येते का?

सहमतीने घटस्फोट झाला, तेव्हा कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटींच्या कागदात, 'पोटगी नको' असं लिहून दिलंत, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तुम्ही नोकरी करता. आता तिच्या खर्चासाठी वडिलांकडे मागता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. मी वकील नाही, पण या रांगेत उभी राहिलेली बाई आहे.

माझ्या कन्सेंट टर्म्समधलं सातवं कलम मला अजून पाठ आहे. 'अर्जदार क्र. 2 हिने स्वतःसाठी व मुलासाठी पोटगीचा हक्क कायमचा सोडला आहे.' त्या दिवशी एकदाचं सुटायचं होतं, सही करून मोकळी झाले. पुढे खर्च झेपेना तेव्हा एका वकिलांना कागद दाखवला. त्यांनी वाचला, परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, आता काही होत नाही. वर्षभर मी तेच खरं धरून बसले. मग दुसऱ्या वकीलबाईंनी त्याच ओळीत 'स्वतःसाठी'खाली पेन्सिलने रेघ मारली. म्हणाल्या, "इथपर्यंत ठीक. पुढचं तुझं नव्हतंच, ते तू कसं सोडशील?"

सगळं प्रकरण त्या रेघेवर उभं आहे. खावटीचा, म्हणजे पोटगीचा, हक्क मुलाचा असतो. आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलीची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट म्हटलंय. म्हणून आमच्या अर्जात अर्जदार मी नव्हतेच. मुलाचं नाव, वय आणि खाली 'अज्ञान (म्हणजे 18 वर्षांखालचा), पालनकर्ती आई' म्हणून मी.

अर्ज कशाखाली करायचा? पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. धर्म कुठलाही असो, ते लागू आहे, आणि आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाला मागता येतं. घटस्फोट हिंदू विवाह कायद्याने झाला असेल तर त्याच कायद्याच्या कलम 26 खालीही, हुकूमनाम्यानंतर (घटस्फोटाचा अंतिम आदेश झाल्यावर), मुलांच्या खर्चासाठी अर्ज करता येतो. कोणता रस्ता घ्यायचा ते वकील ठरवतील. अर्ज मात्र लांबवू नका. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे माझं ते एक वर्ष गेलं ते गेलंच.

तुमच्या नोकरीची भीती बाळगू नका. तुमचा पगार मोजला जाईल, पण म्हणून वडील सुटत नाहीत. दोघेही कमावते असतील तर खर्च कमाईच्या प्रमाणात वाटतात. 2000 सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या खर्चातला बापाचा आणि आईचा वाटा 2:1 असा धरला होता. (मूल वडिलांकडे राहत असेल तर हाच हिशोब आईवर उलटतो, हेही खरं.)

2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं अॅफिडेव्हिट (प्रतिज्ञापत्र) द्यावं लागतं. त्यात मुलाच्या खर्चाचा भाग असतो, आणि तिथे 'अंदाजे' लिहिलं की समोरचे वकील तुटून पडतात. मी शाळेची फी, व्हॅनवाल्याच्या पावत्या, दाताच्या डॉक्टरची बिलं महिन्यावार लावून नेली होती. व्हॅनवाला पावती देत नसे, त्याच्याकडून वहीच्या पानावर सही घेतली. न्यायाधीश साहेबांनी सगळ्यात जास्त वेळ तेच पान पाहिलं!

निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो अर्ज निकाली काढावा असं कायदा म्हणतो. तारखा पडतात, माझ्याही पडल्या.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत टाका, नाहीतर त्या महिन्याची थकबाकी या मार्गाने हातची जाते. न भरलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही. एवढं मात्र करू नका: पैसे देत नाही म्हणून मुलीची भेट बंद करणं. भेट वेगळी, पोटगी वेगळी. माझ्याकडून एकदा ते झालं आणि पुढच्या तारखेला बाजू सावरता सावरता नाकी नऊ आले.

वयाबद्दलही विचारलंत. कलम 144 खाली 18 पर्यंत, अपंगत्वामुळे स्वतःचं भागत नसेल तर पुढेही. पण तुमची मुलगी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 20 प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल तर 18 नंतरही तिला मागता येतं. मुलाला ही सोय नाही, म्हणून माझ्या वकीलबाईंनी नव्या तडजोडीत कॉलेजचा खर्च वेगळ्या कलमात लिहून घेतला.

तुमच्या टर्म्समध्ये मुलीच्या नावाने काही एकरकमी रक्कम ठेवली होती का? तेवढं कळवा. असेल तर कोर्ट ती हिशोबात धरेल, आणि ती पुरत का नाही हे तुम्हाला दाखवावं लागेल.