पन्हाळ्याची पायवाट आणि बालवाडीचा अभ्यास

प्रश्न : आमची मुलगी पाच वर्षांची आहे. बहुतेक रविवारी आम्ही तिला पन्हाळ्यावर किंवा मसाई पठारावर पायी फिरवतो. सासूबाई म्हणतात, अक्षरे गिरवायच्या वयात डोंगर चढून तिच्या पदरात काय पडणार? त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंची शंका अगदीच गैर नाही. मुलाला नुसते ओढत माथ्यावर नेऊन फोटो काढून परत आणले, तर ते दमते, एवढेच. शिकणे घडते ते वाटेत रेंगाळण्यात, आणि नेमके तेच आपण मोठी माणसे "चल लवकर" म्हणून मोडतो.

पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, तर खालच्या उतारावर काळा, घट्ट बसाल्ट. दोन्हींचा एकेक खडा तिच्या तळहातांवर ठेवून "यांत वेगळे काय?" एवढेच विचारावे. ती जांभ्याच्या भोकात करंगळी घालून पाहील, हाताला लागलेला तांबूस रंग फ्रॉकला पुसेल आणि "खरबरीत", "भोकाभोकांचा" असे शब्द स्वतःच शोधील. तुलना, वर्गीकरण आणि भाषा या तिन्हींचा अभ्यास त्यात होऊन जातो. जांभा लाल का, असे तिने विचारलेच, तर त्यातल्या लोखंडाला तव्यासारखा गंज चढला आहे, हे उत्तर पाच वर्षांच्या मुलीला पुरते. अंधारबावीत, म्हणजे गडावरच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, हात धरून उतरताना पायऱ्या मोजाव्यात. चढताना आकडा जुळला नाही, की मुले न सांगता पुन्हा मोजू लागतात. ओबडधोबड वाटेवर तोल सावरण्याचा आणि पाऊल कुठे टाकायचे हे ठरवण्याचा जो सराव होतो, तो सपाट अंगणात होत नाही.

अक्षरांचे म्हणाल, तर घरी परतल्यावर तिने आजीला सारी वाट क्रमाने सांगावी : आधी काय लागले, मग काय, कुठे भीती वाटली. घटना ओळीने मांडता येणे ही लेखनाचीच पूर्वतयारी आहे, आणि आजीचा विरोधही त्याने थोडा निवळेल, असे आम्हाला वाटते.

मात्र वेग तिचा असावा, आणि ती कंटाळली तर निम्म्यातून परतण्यात कमीपणा मानू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या व पठारावरचे धुके, तसेच गडावरच्या सज्जाकोठी या जुन्या इमारतीजवळचा कडा, येथे तिचा हात सोडू नये.