मार्चमधला टोमॅटो आणि श्रावणातली मेथी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात १२ बाय १० फुटांचं अंगण, मार्चमध्ये लावलेल्या टोमॅटोला फुलं भरपूर आली पण फळ एकही धरलं नाही, श्रावणात पेरलेली मेथी आठ दिवसांत लोळली, आणि आता खत वाढवू का, असं विचारताय. खत वाढवू नका. नत्र जास्त झालं तर टोमॅटो नुसता पानांनी माजतो. मातीतही काही खोट दिसत नाही. भाजीची आणि ऋतूची गाठ पडली नाही, एवढंच झालंय.

मी साताऱ्यात घरामागच्या परसात २२ वर्षं भाजी करतेय. आमची हवा तुमच्यापेक्षा फार वेगळी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टोमॅटोचं आधी. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचा पराग निकामी होतो. फूल उमलतं, दोन-तीन दिवस टिकतं आणि देठाच्या गाठीपाशी सुटून पडतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८ च्या आसपास असतो. मार्चमध्ये लावलेलं रोप नेमकं याच दिवसांत फुलावर येतं. तिथे खत, फवारणी, काही उपयोगाचं नाही. तेच रोप सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जमिनीत गेलं तर डिसेंबरपासून होळीपर्यंत टोमॅटो घरचे.

म्हणजे बी आता, गणपतीच्या आसपास पडायला हवं. ट्रे नसेल तर नारळाच्या करवंट्यांना तळाशी भोक पाडून घ्या, त्यात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. पावसाची झड लागणार नाही पण उजेड भरपूर मिळेल अशा जागी ठेवा. अंधारात रोपं लुकडी होऊन नुसती उंच वाढतात. पाणी बेतानंच द्या. या दिवसांत पाणी जास्त झालं की कोवळी रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात, आणि एकदा मर लागली की अख्खा ट्रे जातो. २५ ते ३० दिवसांत रोप लावण्याजोगं होतं.

आता कळीची गोष्ट. पाऊस उघडला की वाफे खणायची घाई करू नका. एका वर्षी पितृपंधरवड्यात चार दिवस ऊन पडलं आणि मी कुदळ घेऊन उतरले. आमची काळी माती वरून सुकलेली, आत ओलीच्या ओली. खणलेली ढेकळं वाळून विटेसारखी झाली, ती दिवाळीपर्यंत फुटली नाहीत आणि त्या वर्षी गाजराचं एक मूळ सरळ गेलं नाही. तेव्हापासून वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी झालीय का, ते पाहिल्याशिवाय मातीला हात लावत नाही. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या, गोळा वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. भुगा होऊन पसरला तर वाफसा आला. गोळा तसाच बसला तर अजून थांबा.

मेथी, पालक, कोथिंबीर दसऱ्यानंतर. सगळी एकदम पेरू नका. हातभर रुंदीची पट्टी दर दहा दिवसांनी टाका, म्हणजे थंडीभर ताजी मिळते. पावसाळ्यात या भाज्यांवर पत्र्याचं छत घालून कसरत करणारे लोक मी पाहिलेत, मला तो खटाटोप पटत नाही. पावसाला मानवणाऱ्या भाज्या काय कमी आहेत? माठ, राजगिरा, अंबाडी, अळू. अळूला तर जिथे सांडपाणी जातं तो कोपरा द्यावा आणि विसरून जावं.

पावसाळ्याचं खरं वैभव मांडवावर असतं. दुधी, दोडका, कारलं, काकडी यांचं बी मृगाच्या आगेमागे आळ्यात टोकलं की धो धो पाऊस सुरू होईतो वेल मांडवाला हात लावतो. इथे बहुतेकांची तक्रार एकच: इवलीशी फळं लागतात आणि पिवळी पडून गळतात. यातली काही फळमाशीनं जातात, तिच्यासाठी क्यू ल्युअरचा (माशीला वासानं ओढणारा) सापळा टांगा. पण शहरात बरीचशी परागीभवनाअभावी जातात. आणि प्रत्येक वेलाची वेळ वेगळी! काकडी, कारलं, घोसाळं सकाळी फुलतं. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात आणि दुधीची पांढरी दिवेलागणीला. सकाळी ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर हाती मिटलेली फुलंच लागतील.

माझी आई तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून झाला की तशीच मांडवाखाली जायची. लांब देठाचं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि ज्या फुलामागे बोटभर लवदार दुधी दिसतो त्याच्या मधोमध हलकेच फिरवायचं. फळ धरलं की दोन-तीन दिवसांत देठ खाली वाकू लागतो आणि त्या लवेला तजेला येतो. टोकाकडून पिवळं पडलं तर धरलं नाही, काढून टाका. मी आजही असंच करते, फक्त हातात बॅटरी असते.

मृगाच्या याच दिवसांत कुंपणाला पावटा किंवा वालपापडीचे दोन-चार दाणे टोकून ठेवा. पुढच्या वर्षी ही चूक तुम्ही नक्की करणार, म्हणून आत्ताच सांगते: सप्टेंबरात नुसता पाला बघून वेल उपटू नका. जुन्या गावठी वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फुलं येत नाहीत. दिवाळीच्या सुमारास तुरे निघतात आणि संक्रांतीच्या भोगीच्या भाजीला शेंगा घरच्या होतात.

उन्हाळ्याची तयारीही अशीच आधीच्या ऋतूत करायची. डिसेंबरात थंड मातीत भेंडीचं बी टोकलं तर बरंचसं कुजतं. जानेवारी सरता सरता रात्रीचा गारठा उतरला की टोमॅटोच्या ओळींमध्येच भेंडी आणि गवार टोकायची. टोमॅटो उतरणीला लागेपर्यंत ती वीतभर होतात, मग टोमॅटो मुळापाशी कापून त्याचाच निरोगी पाला आच्छादन म्हणून पसरायचा. करपा (पानं डाग पडून करपणं) किंवा बोकड्या (पानं आकसून मुरडणं) दिसलेली झाडं मात्र वाफ्यात ठेवू नका. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. झाड लगेच उपटा. बी घेताना हा रोग कमी येणारं वाण मागा.

वाफ्यात सध्या मेथीची सडकी मुळं असतील ती काढा आणि जागा मोकळी ठेवू नका, माठाचं बी फेकून पेरा. महिन्याभरात दोनदा भाजी होईल, आणि वाफसा येईपर्यंत मातीवर पावसाचा थेट मार बसणार नाही.