दानशेनच्या गोळ्या देऊ का?

प्रश्न : यजमानांच्या धमन्यांत चरबी साचलीय, रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन चालू आहे. मुलाने शांघायहून दानशेन या चिनी औषधी वनस्पतीच्या गोळ्या पाठवल्या. त्या म्हणे जनुकांवर काम करतात. देऊ का?

उत्तर : ताई, कृपा करून देऊ नका. दानशेनमुळे वॉर्फरिनचा परिणाम वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. मला सर्वांत मोठी काळजी हीच आहे. जनुकांवर काम म्हणजे काय, तर डीएनएवर मिथाइलचे कण चिकटले की जनुक बहुधा बंद पडते, त्याचा क्रम मात्र तोच राहतो. दानशेनमधल्या टॅनशिनोन या घटकाचा यावरचा अभ्यास मुख्यतः पेशी आणि उंदरांवर झालाय. चीनमध्ये टोंगशिनलुओ या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या झटक्याचे ३,७७७ रुग्ण होते आणि तीस दिवसांत फायदा दिसला, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीने! एखादी गोळी पोटात गेली असेल, तर आजच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) तपासा.